सशाचं खोकं

फार जुनी गोष्ट. तेव्हा प्राणी माणसांशी बोलत, पण विचारल्याशिवाय बोलत नसत.

भिकाजी विणकर आणि त्याची बायको गोदाक्का यांच्या घरी एक पांढरा ससा होता. गोदाक्काने त्याच्या शी-शूसाठी दाराजवळ लाकडी खोकं ठेवलं होतं. ससा मात्र रोज हातमागाशेजारच्या कोपऱ्यातच जाई. मग गोदाक्का त्याला रागवायची आणि उचलून खोक्यात नेऊन बसवायची.

एक दिवस त्या कोपऱ्यात ठेवलेली रेशमाची लड ओली झाली.

"उद्या याला रानात सोडून येतो," भिकाजी म्हणाला. रानात कोल्हे होते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

गोदाक्का सशापुढे बसली. "का रे बाबा, खोक्यात का जात नाहीस?"

"ती शिक्षेची जागा आहे ना?" ससा म्हणाला. "तुम्ही रागावलात की मला तिथे बसवता. आपण होऊन तिथे जायला मी काय गुन्हा केलाय?"

"आणि त्या कोपऱ्यातच का?"

"तिथे आडोसा आहे. गवतही असतं तर बरं झालं असतं. आम्हाला खाता खाता जायची सवय असते."

गोदाक्का उठली. तिने लडी खुंटीवर टांगल्या, खोकं त्या कोपऱ्यात नेलं आणि त्यात एका बाजूला वाळलेलं गवत ठेवलं. ससा आत चढला, गवत खाऊ लागला आणि बसल्या बसल्या मोकळाही झाला.

सकाळी भिकाजी टोपली घेऊन आला. जमीन कोरडी होती.

"झालं का शिकून एकदाचं?" त्याने सशाला विचारलं.

"झालं," ससा म्हणाला. "अक्कांना जरा वेळ लागला, पण मनाने चांगल्या आहेत."