कोंडाबाईची चिंच

बसा गं बायांनो, पोरांनाही बसवा. ही गोष्ट फार फार मागची, आपल्या शेलमाळावर दहाच घरं होती तेव्हाची. त्यातल्या एका घरात कोंडाबाई राहायची. नवरा लवकर गेलेला, मागे एकच लेक, चिमी. चिमीनं खेळता खेळता अंगणात एक चिंचोका पुरला. रोप गुडघ्याएवढं होतंय तोवर देवीच्या साथीत पोर गेली. आईनं तिला त्या रोपाशेजारीच मातीत ठेवलं.

मग तिचा सगळा जीव त्या झाडात. लेकीची जागा म्हणून ती रोज तिथलं पान न् पान झाडायची, ओढ्यात टाकून यायची आणि जमीन शेणानं सारवायची. तिथं सांडलेलं दूध चाटून घ्यावं इतकं स्वच्छ, असं म्हणतात. झाड वाढलं, पण एकदाही फुललं नाही. एका वर्षी तर शेंड्याकडून वाळायलाच लागलं. लेक आता दुसऱ्यांदा चालली, म्हणून कोंडाबाई आणखी जोरानं झाडू लागली. माया येडी असते, दुसरं काय.

तेवढ्यात मेंढरं घेऊन बिरू धनगर आला. त्यानं वाळलेला शेंडा पाहिला, बाईच्या हातातला खराटा पाहिला.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "झाड पान टाकतं ते परत खायला. लेकराच्या पुढचं ताट तूच रोज उचलतीस की."

कोंडाबाई पोटभर रडली. मग खराटा चुलीत घातला, त्याची राख बुंध्याशी पसरली. बिरूनं आठ दिवस मेंढरं तिथंच बसवली. पानं पडली, कुजली, गांडुळं आली. पुढच्या साली झाड असं फुललं, की मधमाश्यांच्या गुणगुणीत देवळातली घंटा ऐकू येईना, असं म्हणतात.

पहिली चिंच कोंडाबाईनं खाल्ली नाही, शेजारच्या गर्भार भागूला दिली. भागूला मुलगी झाली, आणि तिच्या डाव्या गालावर चिमीसारखीच खळी. मी काही पाहायला नव्हते बाई, पण सांगणारी माणसं खोटारडी नव्हती.

म्हातारपणी कोंडाबाईनं गावाला एवढंच सांगितलं, "माझी राख नदीत सोडू नका. लेकीच्या ताटात वाढा."

गावानं तसंच केलं.

अजूनही त्या चिंचेखाली कुणी झाडत नाही. डोहाळे लागलेली बाई तिथली चिंच खाते, चिंचोका तिथंच टाकते. आणि बाळाच्या पहिल्या अंघोळीचं पाणी तापलं, की त्या चुलीतली मूठभर राख बुंध्याशी ठेवून म्हणते, "जेव गं चिमे."