पहिली मूठ दर्याची

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा समुद्रातले जीव माणसांशी बोलत, आणि माणसं कधीकधी ऐकतही.

एका शांत खाडीच्या मुखाशी एक कोळीवाडा होता. खाडीच्या तळाशी गवताचं मोठं कुरण होतं. ओहोटीला ते वाळूवर आडवं व्हायचं, भरतीला उठून डोलायचं. माशांची पिल्लं त्या गवतात लपून वाढत, म्हणून कोळणी त्याला 'पाळणा' म्हणत.

वाड्यात जोमा नावाचा हुशार कोळी होता. वादळात होडी घालण्यापेक्षा मासा दारातच पाळावा, असं त्याला सुचलं. त्याने कुरणाच्या कडेला बांबूचा पिंजरा रोवला. त्याची थोरली बहीण वेसू ओहोटीला गवतातून जिताडा माशाची पिल्लं टोपलीत धरून आणी. जोमा ती पिंजऱ्यात सोडी आणि सुकटीचा कुटा घालून वाढवी.

वाड्याची एक जुनी रीत होती. अन्न कुणालाही वाढायचं असो, पहिली मूठ दर्याची. जोमाही रोज आधी एक मूठ मोकळ्या पाण्यात टाकी, मग माशांना घाली.

पिंजरा एक होता तोवर मूठही एक होती. त्याचे मासे हातभर वाढलेले पाहून घराघराने पिंजरे रोवले. शंभर पिंजरे झाले. मुठीची ओंजळ झाली, ओंजळीची टोपली. कोणी कमी टाकलं की शेजारीण टोमणा मारी, "काय गो, दर्यालाच उपाशी ठेवतेस?" माशांनी तोंड फिरवलं तरी कुटा पडतच राही. उरलेलं सगळं, माशांच्या घाणीसकट, पाण्यात मुरे.

पाणी हिरवं होऊ लागलं. जोमा आनंदाने म्हणाला, "बरकत आली!"

एका सकाळी एक म्हातारी कासवीण पिंजऱ्यापाशी वर आली.

"जोमा, हात आवर. तुमच्या उष्ट्यावर शेवाळ पोसलंय. ते गवताच्या पात्यापात्यावर चढलंय. गवताला ऊन दिसत नाही, ते मरतंय."

"आजी, आम्ही दर्याला खाऊ घालतो. हे काय पाप झालं?"

"जेवून उठलेल्याला खाली पाडून त्याच्या तोंडात भात कोंबलास, तर ते पुण्य होईल का रे?"

जोमा हसला. "तुला घास कमी पडला वाटतं! उद्या तुझ्या नावाचीही एक टोपली टाकतो."

वेसू किनाऱ्यावरून ऐकत होती. ती म्हणाली, "हसू नकोस. आज पिल्लं निम्मीच मिळाली. यंदा पिंजरे कमी करू."

"बाय, हा उद्योग मी सुरू केला. मीच हात आखडला तर वाडा मला हसेल."

पावसाळा सरला. गवत कुजलं आणि वाड्यात दुर्गंधी पसरली. लोक जोमाकडे आले. आपल्या टोपल्यांना दोष द्यायला त्याची जीभ वळेना. तो म्हणाला, "घाण करतंय ते गवत. उपटून टाका."

सगळे दाताळी घेऊन पाण्यात उतरले. वेसू मधे उभी राहिली. "मेल्यांनो, पाळणा मोडताय! उद्या पिल्लं कुठून आणाल?"

"बाजूला हो, बाय," जोमा म्हणाला. "दर्या कधी आटतो का?"

तीन ओहोट्यांत मेलेलं गवत गेलं, जगलेलंही गेलं. कासवीण गेली ती परत दिसली नाही.

त्या वर्षी मासे विकून वाड्याने सण केला. मग रिकाम्या पिंजऱ्यांत सोडायला पिल्लं आणायची वेळ आली. या खेपेला जोमा स्वतः टोपली घेऊन निघाला. वेसू मागून चालली. जिथे कुरण होतं तिथे गुडघाभर काळा चिखल होता. जोमाने टोपली बुडवली, उचलली. पुन्हा बुडवली. दिवस मावळला, एक पिल्लू मिळालं नाही.

"बाय, तू पकडून बघ ना. तुझ्या हाताला गुण आहे."

"हाताला नव्हता रे," वेसू म्हणाली. "गवताला होता."

दुसऱ्या दिवशी जोमा सवयीने पिंजऱ्यापाशी गेला. सवयीनेच त्याने पहिली मूठ दर्यात टाकली. कुटा पाण्यावर तरंगला, भिजला आणि तसाच तळाला गेला. तो खायला कुणीच आलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरात उष्टं लोटून जो त्याला दान म्हणतो, तो आपल्याच लेकरांचा पाळणा मोडतो.