पातेल्यावरचं नाव

भांड्यांना बोलता येत होतं त्या काळी टिपणिसांच्या मांडणीवर सरपंचपदाची निवडणूक लागली. पक्षाची उमेदवारी आपलीच, असं थोरलं पितळी पातेलं धरून बसलं होतं. तेवढ्यात नव्या कुकरनेही अर्ज भरला.

पातेल्याने घाईघाईने सभा बोलावली आणि नियम करून टाकला, "उमेदवाराच्या अंगावर या घरचं नाव कोरलेलं हवं, आणि कोरून वर्ष झालेलं हवं. काल पक्षात आला आणि आज उमेदवार झाला, हे चालायचं नाही!"

"अहो, तीन महिने रोजचा भात मीच शिजवतोय," कुकर म्हणाला. "नाव कसलं बघता? काम बघा ना!"

"नियम म्हणजे नियम," पातेलं म्हणालं. वाट्या खणखणल्या.

अर्जांची छाननी सांडशीकडे होती. तिने कुकरला बाद केलं. मग पातेल्याचा काठ धरला, काजळी पुसली आणि मोठ्याने वाचलं, "सौ. सरस्वती चिपळूणकर."

चिपळूणकर शेजारी राहायचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडून याच पातेल्यातून खीर आली होती. पातेलं रिकामं कसं परत करायचं, काहीतरी घालून देऊ, असं टिपणीसबाई म्हणाल्या, आणि ते राहूनच गेलं.

कल्हई उडाल्यासारखं पातेल्याचं तोंड झालं.

"अहो," ते म्हणालं, "नाव कसलं बघता? काम बघा ना!"

खाली विस्तव नसताना कुकरची शिट्टी झाली.