उंबरगडची अर्धी दाढी

फुटबॉलच्या रविवारी उंबरगडात पाऊल टाकणारा पाहुणा पहिल्यांदा चपापतो तो एसटी स्टँडवर. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाचा उजवा गाल गुळगुळीत असतो आणि डाव्या गालावर चार दिवसांची खुंटं. असेल बिचाऱ्याची काही अडचण, असे म्हणून पाहुणा पुढे जातो. ध्वज चौकात भजीचा घाणा काढणारा माणूसही तसाच निघतो. चौकातला हवालदारही तसाच. कॉलेजच्या फाटकाशी तर्कशास्त्राचे प्राध्यापक भेटतात, त्यांचीही अर्धीच दाढी. मग मात्र पाहुणा हळूच आपल्या दोन्ही गालांवरून हात फिरवतो आणि या गावात आपलेच काही चुकले की काय, या विचारात पडतो.

त्या दिवशी पेठेत सगळा गोंधळ असतो. कापडाचे दुकानदार गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडता उलगडता आज गोलला कोणाला उभे करावे ते सांगत बसतात. वसतिगृहाची पोरे निळे-पिवळे झेंडे घेऊन मिसळीच्या हॉटेलात शिरतात आणि रस्सा संपेपर्यंत बाहेर पडत नाहीत. पोरीही मागे नसतात, दाढीच्या बाबतीत तेवढी त्यांना सूट आहे. मैदानाचे जुने राखणदार दौलूतात्या चहाच्या हॉटेलाबाहेर बाकावर बसलेले असतात. गोंधळलेला पाहुणा दिसला की ते सरकून जागा करतात, आपल्या अर्ध्या दाढीवरून हात फिरवतात आणि ज्ञानबा टिपुगड्याची गोष्ट सांगतात.

संस्थान विलीन होऊन चार-सहा वर्षे झाली होती, कॉलेज नवे होते, तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. ध्वज चौकाच्या कोपऱ्यावर ज्ञानबाचे सलून होते. एक खुर्ची, एक आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक. सलूनची मागची भिंत म्हणजे मैदानाचीच भिंत. खुर्चीत बसणाऱ्याला साबणाच्या वासाबरोबर मैदानावरचा सगळा आरडाओरडा फुकट मिळायचा.

उंबरगडात फुटबॉलमधला शेवटचा शब्द ज्ञानबाचा असे. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, "कॉर्नर मिळाला. आता डावीकडनं मारतील." आणि तसेच व्हायचे. कुणी कुणाला पाडले, कुणी हाताने चेंडू अडवला, कुणाचा फटका दांड्याला लागून परत आला, सगळे त्याला वस्तऱ्याचा हात न थांबवता कळायचे. सामना संपला की पोरे भांडत भांडत त्याच्याकडे येत. एकदा एका ऑफसाइडवरून दोन तालमींच्या संघांची तीन दिवस बोलचाल बंद होती. शेवटी ज्ञानबाने वस्तरा पट्ट्यावर घासत निकाल दिला, "ऑफसाइड नव्हता. पोरगं एक पाऊल मागं हुतं." विषय तिथेच मिटला.

आणि या ज्ञानबाने जन्मात एकही गोल पाहिलेला नव्हता.

याचे कारण साधे होते. सामने रविवारचे आणि आठवडी बाजारही रविवारचाच. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजाराला आली की दाढी करूनच परतत. सकाळपासून बाक जो भरायचा तो दिवेलागणीपर्यंत रिकामा होत नसे. त्यात त्याच्या बापाने वस्तरा हाती देताना एकच गोष्ट सांगितली होती, खुर्चीतला माणूस अर्धवट सोडून उठायचे नाही. ज्ञानबाने ती बावीस वर्षे पाळली. सरावाला पोरे बिनजाळीच्या खांबांत खेळत ते त्याने पाहिले होते, पण सरावातला गोल हा गोलच नव्हे असे त्याचे ठाम मत होते. हे गुपित फक्त त्याच्या बायकोला, पारूबाईला, ठाऊक होते. आणि आता इतक्या वर्षांनी सांगायचे तरी कोणत्या तोंडाने? ज्याच्या शब्दावर गाव भांडणे मिटवत होते, त्याने मी काही पाहिलेच नाही म्हणून कसे सांगावे?

पण जीव तुटायचा. भिंतीपलीकडे गोलचा गलका उठला की तो गिऱ्हाइकाची मान धरून क्षणभर तसाच उभा राहायचा, डोळे मिटून. गिऱ्हाइकाला वाटे, माणूस खेळ समजून घेतोय.

शेवटी तो डोंगरावरच्या भैरोबाला नवस बोलला म्हणे. ज्ञानबाच्या मिशा तालुक्यात नावाजलेल्या होत्या. त्याच्या धंद्याची तीच पाटी होती. देवासमोर त्या मिशांना हात लावून तो म्हणाला, "देवा, सामन्यातला एक गोल या डोळ्यांनी बगू दे. या मिशा तुझ्या पायरीवर आणून ठेवतो."

परतताना पारूबाईने विचारले, "नवस नीट बोललासा न्हवं? काय राहिलं न्हाई?"

"काय राहायचं हाय त्यात?" ज्ञानबा म्हणाला.

त्या वर्षीचे मानाच्या ढालीसाठीचे सामने सुरू झाले. शेवटच्या सामन्याच्या आधीचा रविवार होता. उंबरगडला नवे मामलेदार आले होते, बापूसाहेब खासनीस. गृहस्थ शिस्तीचे, जेवणानंतर शतपावली घालतानाही पावले मोजणारे. बावीस धडधाकट माणसांनी एका चेंडूमागे का पळावे हे त्यांना पटलेले नव्हते. पण सामन्यानंतर उत्तम खेळाडूला पदक त्यांच्या हातून द्यायचे ठरले होते, म्हणून तेवढ्यापुरते ते जाणार होते. खेळ बघायची हौस नव्हतीच, तेव्हा मधल्या वेळात दाढी उरकावी म्हणून ते ज्ञानबाच्या खुर्चीत येऊन बसले. मामलेदार आले म्हटल्यावर बाकावरची माणसे आदराने उठली आणि मागच्या मागे पसार झाली.

उजवा गाल झाला. डाव्या गालावर फेस चढला. ज्ञानबाने वस्तरा उचलला आणि थबकला.

भिंतीपलीकडे सगळे गप्प झाले होते. बावीस वर्षांत त्याने मैदानाचे सगळे आवाज ऐकले होते, पण दोन हजार माणसे एकदम श्वास धरून बसलेली त्याने कधी ऐकली नव्हती. एका क्षणात त्याला कळले. पेनल्टी, आणि तीही आपल्याला. आता चेंडू ठेवतील, पंच मागे सरेल, शिट्टी होईल. एवढा वेळ हाताशी होता. चौकातून फाटकापर्यंत पळायला तो पुरण्यासारखा होता.

ज्ञानबाने एकदा मामलेदारांच्या गालाकडे पाहिले, एकदा भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहिले, आणि "आलोच, साहेब," म्हणून तो वस्तऱ्यासकट धावत सुटला.

पेठेतून उघडा वस्तरा परजत पळणारा मिशाळ माणूस पाहून रस्ता आपोआप मोकळा झाला. मैदानावरची गर्दीही दुभंगली. त्याला थेट रेषेपर्यंत वाट मिळाली, एरवी ती कलेक्टरलाही मिळाली नसती. त्याच्या मागे मामलेदार होते. गळ्यात पांढरे फडके, अर्ध्या तोंडाला फेस, आणि "अरे, थांब! थांब म्हणतो ना!" असा पुकारा. ज्ञानबा रेषेशी पोचला. समोर चेंडू ठेवलेला होता. पंचाने शिट्टी तोंडाला लावली. ज्ञानबाने डोळे ताणले, आणि तेवढ्यात मामलेदारांनी त्याचा खांदा धरून त्याला गर्रकन आपल्याकडे वळवले.

"माझ्या या गालाचं काय?" ते ओरडले.

त्याच क्षणी शिट्टी झाली, धप्पकन आवाज आला आणि मैदान उसळले. ज्ञानबाची पाठ गोलाकडे होती. मामलेदारांचे तोंड मात्र थेट गोलाकडे होते. आयुष्यातला पहिला गोल त्यांनी ज्ञानबाच्या खांद्यावरून पाहिला, आणि काय झाले ते त्यांनाही पुढे कधी नीट सांगता आले नाही. सरकारी पेशाचा तो माणूस जागच्या जागी उडाला. "गोल! गोल!" करीत त्यांनी ज्ञानबाला मिठी मारली आणि आपल्या गालावरचा सगळा फेस त्याच्या मिशांना फासला.

ज्ञानबा खाली बसला आणि रडू लागला. वस्तरा बाजूला पडला. लोकांना वाटले, आनंदाने रडतोय. मामलेदार वाकले.

"अरे, झालं काय?"

"बावीस वर्सं नुसता ऐकतोय, साहेब," ज्ञानबा म्हणाला. "एक बगायचा हुता. तोबी तुमी बगितला."

मग मागून कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारले, "मग त्या ऑफसाइडचं काय?" आणि ज्या दोन तालमींचे ते भांडण होते त्यांनी एकमेकांकडे पाहिले. गावाला त्याच्याकडून फसल्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी गावालाच लाज वाटली, असे तात्या सांगतात. गावातल्या प्रत्येक पुरुषाने कधी ना कधी रविवारी त्या खुर्चीत बसून त्याला अडकवून ठेवले होते.

मामलेदारांनी अर्ध्या दाढीनेच पदक दिले. नंतर ज्ञानबा धुतलेला वस्तरा घेऊन समोर आला, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "तू गोल पाहीपर्यंत हा गाल असाच राहील."

आठवडाभर ते कचेरीत तसेच बसले. जमिनीच्या फेरफाराच्या अर्जांवर सह्या घ्यायला आलेले लोक सहीकडे बघायचे सोडून गालाकडे बघत. घरी बाईसाहेब म्हणे तीन दिवस समोर जेवायला बसल्या नाहीत. मामलेदार बधले नाहीत. चूक माझी आहे, ती माझ्याच तोंडावर राहू दे, असे ते म्हणत.

साहेब एकटे हसे होताहेत हे गावाला बघवेना. शेवटच्या सामन्याच्या रविवारी सकाळी पहिला आलेला तेलाचा व्यापारी शंकरशेट मिरजे खुर्चीत बसला आणि उजवा गाल झाल्यावर उठून उभा राहिला. "उरलेला गाल सामना झाल्यावर," तो म्हणाला. मागचाही तेच म्हणाला. त्याच्या मागचाही. बाजारकरी खेडूत विचारू लागले तर त्यांनाही दटावून अर्ध्यावर उठवण्यात आले. दुपारी तीनला खुर्ची रिकामी झाली, ज्ञानबाच्या जन्मात रविवारच्या दिवशी पहिल्यांदाच. चार पोरांनी ती खुर्ची ज्ञानबासकट उचलली, मैदानावर नेली आणि पाहुण्या मुडेवाडी संघाच्या गोलाच्या शेजारी ठेवली. उंबरगडचा संघ तिकडेच चढाई करणार होता. पहिला गोल त्याच्या नाकासमोर करायचा, असे पोरांनी ठरवले होते.

ठरवले खरे, पण त्या ठरावानेच घात केला. ज्याला त्याला ज्ञानबासमोर गोल करायचा होता. पास कुणी कुणाला देईना. मध्यंतराला बाजू बदलल्या, खुर्चीही पलीकडे गेली, तरी तेच. पुढचे पाच होतेच, मागचेही पुढे आले. शेवटी गोलकीपर, दामू इंगवले, तोही जागा सोडून धावत आला. ज्ञानबासमोर उंबरगडचे अकराच्या अकरा खेळाडू एकमेकांच्या पायात पाय घालून उभे होते. सामना संपायला आला. तेव्हा मुडेवाडीच्या एका आडदांड पोराने वैतागून चेंडू मारला, नुसता मारला, कुठे ते न बघता.

चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. पलीकडचा अर्धा भाग ओस पडला होता. ज्ञानबा खुर्चीवर उभा राहिला. चेंडू टप्पा खात, मग सरपटत, मग अगदी निवांत उंबरगडच्या रिकाम्या गोलाकडे निघाला. दामू इंगवले मागे पळत सुटला, पण चेंडूने त्याच्याआधी रेषा ओलांडली आणि जाळीत जाऊन तो थांबला.

सगळे मैदान मुके झाले. त्या शांततेत एकच माणूस टाळ्या पिटत होता. ज्ञानबा खुर्चीवर उभा राहून नाचत होता. "गोल! आवं, गोल झाला! बगितला का?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तीन-चार श्वास गेल्यावर आपल्या आसपास कुणीच ओरडत नाही हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याचे हात खाली आले.

ढाल गेली. दामू इंगवले लाल डोळ्यांनी येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "ज्ञानबातात्या, नवस बोलताना गोल कुणाचा ते सांगायचं हुतंस की!"

ज्ञानबाचे तोंड उतरले. "बगायचा एवढंच डोक्यात हुतं, लेकरा. कुणाचा ते राहूनच गेलं."

आता काहीतरी वाईट होणार असे वाटत असतानाच मामलेदार खासनीस गर्दीतून पुढे आले. त्यांनी दामूला हाताने बाजूला केले आणि विचारले, "दिसला?"

"दिसला, साहेब," ज्ञानबा म्हणाला. मग त्याने पलीकडच्या जाळीकडे बोट केले. "चेंडू आत गेला की जाळी फुगती. हे मला ठावंच नव्हतं. आवाजात त्ये येत न्हाई."

दामू इंगवले त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान वळवली, आणि सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसले. मामलेदार खुर्चीत बसले आणि त्यांनी डावा गाल पुढे केला. त्यांच्या मागे मैदानभर रांग लागली, त्यात मुडेवाडीचेही काही जण होते. दिवस मावळेपर्यंत ज्ञानबा गोलाच्या सावलीत दाढ्या करत होता. सगळ्यांत शेवटी त्याने आपल्या मिशा उतरवल्या आणि त्या रुमालात बांधून तो डोंगराची वाट चढू लागला.

आजही सामन्याच्या रविवारी उंबरगडात डावा गाल सामना झाल्याशिवाय होत नाही, आणि खेळ चालू असताना गावातले एकही सलून उघडे सापडत नाही. नवी पोरे हा शकुन समजतात. दौलूतात्या त्यांना समजू देतात. पण आजही पाहुण्या संघाने गोल केला की सगळे मैदान मान खाली घालून बसते आणि टिपुगड्यांच्या घरातला एक माणूस उठून एकटाच टाळ्या वाजवतो. त्याला कुणी शिव्या देत नाही, कुणी खाली बस म्हणत नाही. पाहुण्या संघातली नवखी पोरे त्याला आपल्याच गावचा समजून हात करतात, आणि तोही त्यांना हसून हात करतो.