शिरसाटशेठांची सही

कुडाळच्या शिरसाटशेठांच्या हार्डवेअरच्या दुकानात कोणी काय घ्यायचं ते शेठ ठरवत. गिऱ्हाइकाने फक्त पैसे द्यायचे. दारावरच्या नावाच्या पाट्या कोरणाऱ्या उर्मिलाबाईंनी लाकूड कोरायचं छोटं राउटर मशीन मागितलं, एका हातात मावणारं, वरून दाबलं की पातं लाकडात उतरणारं.

"ते खेळणं हो," म्हणत शेठांनी भलंमोठं मशीन टेबलावर ठेवलं.

"हे हातात डळमळलं की माझं अक्षर बिघडलं."

"मोठ्या मशीनने बारीक कामही होतं," म्हणत शेठांनी बिलबुक उघडलं.

उर्मिलाबाईंनी खुंटीवरचा भिंती रंगवायचा ब्रश काढून त्यांच्या हातात दिला. "मग बिलावर सही यानेच करा."

शेठांनी ब्रश पाहिला, सहीची जागा पाहिली आणि छोटं मशीन काढलं.

"मी मघापासून हेच घ्या म्हणतोय," ते म्हणाले.