चौदा ओळी

"...मग त्या चौदा ओळी गेल्या कुठं?"

हुन्नरगीकर बाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"काढल्या, बाई," श्रेणिक म्हणाला. "काही कामाच्या नव्हत्या."

हे सांगताना त्याची छाती फुगली होती, आणि का फुगू नये? कुपवाडच्या त्या कारखान्यात डेअऱ्यांसाठी दूध तपासायची यंत्रं बनत. प्रत्येक यंत्राच्या पोटात तळहाताएवढा कॉम्प्युटर, आणि त्याचं सॉफ्टवेअर एकशे सहा पॅकेजं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, जुळवून बांधलेलं. कुठल्या पॅकेजला आधी काय लागतं, ते एका फायलीत ओळीने लिहिलेलं असे. बिल्ड टूल ती फाइल वाची आणि सगळं क्रमाने घडवत जाई. इतकी वर्षं या कामाला, म्हणजे बिल्डला, चाळीस मिनिटं लागत. त्या फायलीतल्या चौदा ओळी काढून श्रेणिकने ते नऊ मिनिटांवर आणलं होतं.

बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. आजवर त्यांच्याकडे असलेला बिल्डचा कारभार कुणाकडे द्यायचा, हे त्या आज ठरवणार होत्या. श्रेणिक तीन वर्षं याच दिवसाची वाट बघत होता, आणि खरं सांगायचं तर दुसरं कुणी त्याच्या खिजगणतीतही नव्हतं.

"एक ओळ काढायची, बिल्ड लावायचं," तो म्हणाला. "काही बिघडलं नाही की पुढची काढायची. एकोणीस वर्षं उगाच बसून खात होत्या त्या."

त्या ओळी बाईंनीच लिहिलेल्या होत्या. हे त्याला ठाऊक होतं.

बाईंनी पडद्यावरची फाइल पार शेवटपर्यंत सरकवली.

"तुझ्याशिवाय होईल हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याशिवाय?" श्रेणिक हसला. "राग मानू नका बाई, पण माझ्याशिवाय आता इथलं पान हलत नाही. परवा मावसबहिणीच्या लग्नाला गेलो, तर मांडवात तीन फोन. हिचं बिल्ड अडलंय, त्याचं बिल्ड अडलंय. अक्षता टाकल्या त्या फोन कानाला लावूनच."

सूर तक्रारीचा होता, पण आतून त्याला गुदगुल्या होत होत्या.

बाई उठल्या. कपाटातून एक कोरा कॉम्प्युटर काढून त्यांनी टेबलावर मांडला. त्यात बिल्ड टूलखेरीज काहीच नव्हतं. श्रेणिकची फाइल त्यांनी त्यात उतरवली आणि परचेसमधल्या शमशाद जमादारना हाक मारली.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हं, बाई," शमशाद म्हणाल्या.

"म्हणून तर बोलावलं. एवढी एक ओळ टाइप करा आणि एंटर दाबा."

शमशादनी एंटर दाबलं.

चौथ्या मिनिटाला पडदा लाल झाला. काहीतरी सापडत नव्हतं.

"थांबा, मी बघतो." श्रेणिकने हात पुढे केला.

बाईंनी कीबोर्डवर आपला पंजा ठेवला.

"तू इथं नाहीस."

"म्हणजे?"

"नाहीस म्हणजे नाहीस. शमशाद, परत दाबा."

परत लाल.

श्रेणिकचे कान तापले. माझ्याकडे तर चालतं, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं.

त्या ओळींतली पॅकेजं यंत्रात जातच नव्हती. सॉफ्टवेअर घडवताना ती हत्यारांसारखी लागत होती. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती त्यानेच कधी ना कधी, कुठल्या तरी कामासाठी बसवून ठेवली होती. फायलीत ओळ दिसली नाही की टूल गुपचूप त्याच्याकडची उचलत होतं. नवी घडवायला लागणारा वेळ तेवढा वाचला होता. दुसऱ्याकडे ती नव्हती, म्हणून दुसऱ्याचं बिल्ड अडत होतं... आणि मांडवात त्याचा फोन वाजत होता.

त्या तीन फोनांची त्याला इतकी लाज वाटली की कुठे बघावं ते कळेना.

तो कोरा कॉम्प्युटर घेऊन आपल्या जागेवर गेला. दुपारचा डबा त्याने उघडला नाही. एकेक ओळ परत घालायची, सगळं पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून बिल्ड लावायचं. प्रत्येक ओळीपुढे त्याने लिहिलं, ही कुणाला लागते आणि कशासाठी. बाईंनी ते कधी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शमशादना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी एंटर दाबलं. श्रेणिक हात मागे बांधून भिंतीला टेकून उभा राहिला.

दहा मिनिटं... वीस... शमशादनी मधल्या वेळात दोन पुरवठादारांना फोनवरून झापून घेतलं. श्रेणिक जागचा हलला नाही.

अडतिसाव्या मिनिटाला शमशाद म्हणाल्या, "झालं वाटतं हे."

बाईंनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली.

"बाराच आहेत."

"दोन खरंच उगाच होत्या, बाई. कोऱ्यावर काढून बघितल्या."

बाईंनी त्या दोन जागांवर बोट ठेवलं.

"होत्या," त्या म्हणाल्या.

शमशाद निघून गेल्या. कारभाराचं विचारावं असं श्रेणिकला वाटलं, पण भलतंच तोंडातून निघालं.

"अडतीस मिनिटांत मला कुणी काही विचारलंच नाही, बाई."

आणि त्याच्या लक्षात आलं की नऊ मिनिटांचा वाटला नव्हता एवढा अभिमान त्याला याचा वाटतोय.

बाईंनी कॉम्प्युटर बंद केला.

"कारभार तुझा. उद्यापासून आठ दिवस गावाला जा, आणि फोन इथं ठेवून जा."