पंचामृताचा लेप

"…पण खरं सांग हेमा, मी तुषारची आजी दिसते का?"

प्रश्न प्रणालीसाठी नव्हता. ती धुतलेल्या कपबशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती, आणि आत तिच्या सासूबाई आपल्या धाकट्या बहिणीला विचारत होत्या.

हेमामावशींनी ताईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

प्रणालीने कपबशा वाजू न देता मागच्या मागे पाऊल घेतलं.

महिन्यापूर्वी लग्नात फोटोवाला सासूबाईंना म्हणाला होता, आजी, तुम्ही त्या खुर्चीत बसा, नवऱ्या मुलाच्या आईला जरा पुढे येऊ द्या. भरल्या मांडवात म्हणाला होता. सासूबाई हसल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. पन्नाशी त्यांनी नुकती कुठे ओलांडली होती. पण नवरा गेल्यापासून रस्त्याकडेची रोपांची नर्सरी एकटीने चालवली होती, भर उन्हात मातीच्या पिशव्या भरल्या होत्या आणि त्यावर मुलाचं, तुषारचं शिक्षण केलं होतं.

येत्या रविवारी प्रणालीच्या माहेरी दोन्हीकडच्या पाहुण्यांना जेवण होतं. फोटो तिथेही निघणार होते. सासूबाईंनी कालच सांगून टाकलं होतं की गुडघा धरलाय, माझ्याऐवजी हेमा जाईल.

गुडघा ठणठणीत होता, हे प्रणालीला आत्ता कळलं.

त्या आल्या नाहीत तर तुषारचं तोंड उतरणार, हे तिला दिसत होतं. तिला स्वतःलाही त्या यायला हव्या होत्या. पण महिन्याभराच्या सुनेने हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला जमायचं.

हेमामावशींना ते जमायचं नाही. त्यांनी एका सुट्टीत पार्लरचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक चेहऱ्यात त्यांना सुधारणेला वाव दिसायचा. त्यांनी ताईच्या तोंडाला मसुराचं पीठ लावून पाहिलं. केळीची साल चोळून पाहिली. कोरफड लावली, साय लावली. अंड्याचा पांढरा भाग मात्र सासूबाईंनी लावू दिला नाही, त्या दिवशी सोमवार होता. मेडिकलमधून क्रीमची एक डबी घ्यायचंही ठरलं होतं. किंमत वाचून दोघींनी ती फुटेल की काय अशा बेताने काउंटरवर परत ठेवली. लग्नाच्या खर्चाने घर आधीच रिकामं झालं होतं.

मग मावशींना सुचलं.

दूध, दही, तूप, मध, साखर. पार्लरमध्ये हेच पाच जिन्नस कालवतात आणि इंग्रजी नाव देऊन पैसे घेतात. आणि डोहाईच्या मठात हेच रोज सकाळी देवीच्या अंगावरून वाहून जातं. फुकट.

वाहून जातं म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. पण गुरुवारी सकाळी तिघी मठात जायला निघाल्या. दुधाची मोठी रिकामी किटली मावशींच्या पदराखाली होती.

डोहाईचा मठ प्रवरेच्या काठावर, डोहाच्या अगदी वर आहे. देवीला चांदीचा मुखवटा आहे. मोठे डोळे, सरळ नाक, समईचा उजेड घसरेल असे गाल. पंचक्रोशीतल्या घराघरांत याच चेहऱ्याची तसबीर असते.

मठ गोदाक्का सांभाळत. लहानपणी इथे आल्या, त्या इथल्याच झाल्या. वय त्यांनाही नीट माहीत नव्हतं. चेहरा असा, की सुरकुती नाही अशी जागा शोधावी लागावी. त्या हसल्या की त्या सगळ्या सुरकुत्या एकदम कामाला लागत, आणि समोरच्यालाही हसावं लागे.

गुरुवारी गोदाक्का बोलत नसत. त्यांच्या खुणा लोकांना समजावून सांगणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

मावशींनी सुरुवात लांबून केली. देवीचा महिमा सांगितला, मग दह्याचा सांगितला. मधाने कातडी कशी आवळते तेही सांगितलं. शेवटी त्या मुद्द्यावर आल्या, की अक्का, तीर्थच ते, ताईच्या तोंडाला लागलं तर त्याचं सार्थकच होईल.



गोदाक्का काहीच खूण करीनात, तेव्हा मावशींनी गाभाऱ्याकडे बोट केलं.

"पुरावा समोरच आहे की. किती पिढ्या झाल्या, रोज पंचामृत. बघा, एक सुरकुती आहे का?"

गोदाक्कांनी वळून मुखवट्याकडे पाहिलं. जणू त्यांच्या हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

मग त्यांनी सासूबाईंकडे पाहून हनुवटी जराशी उचलली. तुझं काय?

सासूबाईंची नजर फरशीवर होती.

"पोराच्या सासुरवाडीला जायचंय, अक्का. असं तोंड घेऊन उभी राहिले तर लोक त्याला हसतील. मी गेले नाही तरी चालेल. पण…"



…

गोदाक्का उठल्या. त्यांनी तिघींना गाभाऱ्यात घेतलं, मागे पडदा ओढला. देवीच्या आंघोळीची वेळ झाली होती. पाच वाट्या मांडलेल्या होत्या.

त्यांनी दोन्ही हातांनी मुखवटा काढला. चुलीवरच्या भांड्यावरचं झाकण काढावं, इतक्या सहज.

खाली दगड होता. काळा, ओला, गोलसर. नाक नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे होते. ओठ होते, पण ते आहेत हे आधी माहीत असेल तरच दिसत.

मावशींच्या हातातली किटली भिंतीला लागून वाजली.

"कुणी फोडली हो?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

गोदाक्कांनी मान हलवली. फोडली नाही.

त्यांनी दूध ओतलं आणि तळवा कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. मग दही. मग तूप. दरवेळी तळवा त्याच वाटेने खाली आला. नाकाच्या जागी तो अडखळला नाही. दगडातली ती वाट त्या तळव्याच्या बरोबर मापाची होती.

मग त्यांनी हात खांद्यावरून मागे नेला. भिंतीवर त्यांच्या गुरूंचा फोटो होता. हात त्याच्याही मागे गेला, आणखी मागे, भिंतीपलीकडे, डोहापलीकडे.

"म्हणजे… यानंच झिजली?" सासूबाई म्हणाल्या. "पंचामृतानं?"

गोदाक्कांनी मान डोलावली. मग आपला तळवा उलटा-सुलटा करून दाखवला. यानंही.

मधाची वाटी त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली.

सासूबाईंनी आधी हात पदराला पुसले, नखांच्या कडेची माती काही निघण्यातली नव्हती तरी. मग मध ओतला. लहान मुलाचं तोंड धुताना बाई जशी अंगठ्याने डोळ्यांच्या कडा निपटते, तशा त्यांनी ते दोन खळगे निपटले. आपण काय करतोय हे बहुधा त्यांना कळलंही नसेल. हात गालावर आला आणि तिथेच राहिला…

पडद्याबाहेर कुणीतरी घंटा वाजवली. कुणाचं तरी मूल रडत होतं.

"लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून येतेय मी इथं," सासूबाई म्हणाल्या. "हिला आज पाहिलं."



मग मागे न वळता त्यांनी प्रणालीला विचारलं, "रविवारी गाडीत मला जागा होईल ना गं?"

प्रणालीने जोरजोरात मान डोलावली.  सासूबाईंची पाठ तिच्याकडे होती, तरी त्यांना उत्तर पोचलं असावं, कारण त्यांनी साखरेच्या वाटीसाठी हात पुढे केला.

हेमामावशी एवढा वेळ गप्प होत्या, म्हणजे त्यांच्या मानाने फारच. आतून त्याही हलल्या होत्या. पण मोठी किटली घरून आणलेली होती, आणि रिकामी किटली परत न्यायची त्यांना सवय नव्हती. ते सगळं खरं अक्का, त्या म्हणाल्या, पण आलोच आहोत तर एवढी भरून मिळेल का.

गोदाक्का हसल्या. सगळ्या सुरकुत्या कामाला लागल्या.

त्यांनी किटली घेतली, दगडाखालच्या परातीत साठलेलं पंचामृत तिच्यात काठोकाठ भरलं आणि मावशींच्या हातात दिली. मग ओलं बोट मावशींच्या गालाला लावलं. किटलीकडे खूण केली. हवेत हात फिरवला, पुन्हा फिरवला, पुन्हा. शेवटी त्या दगडाकडे बोट दाखवून त्यांनी हात जोडले.

"काय म्हणतायत?" मावशी म्हणाल्या.

सांगणारी बाई लेकीकडे होती. मावशींनी ताईकडे पाहिलं. ताईने प्रणालीकडे पाहिलं.

नव्या घरात महिनाभर न बोलता राहिलं की माणूस बाकी काही शिको न शिको, हातवारे वाचायला शिकतं.

प्रणालीने गोदाक्कांकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या.

"न्या म्हणतायत, मावशी," ती म्हणाली. "रोज लावत राहिलं… तर एक दिवस असा चेहरा होतो."